उपकारस्तुतीच्या रविवारी साक्ष द्यायचीय, पण सांगण्यासारखं काही घडलंच नाही

फतेगंजची_सून:
नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्याची, माहेर नगरचं. आमच्या चर्चमध्ये पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी यंदा साक्ष द्यायला, म्हणजे वर्षभरातले देवाचे उपकार सगळ्यांसमोर सांगायला, मला उभं केलंय. आता दरवर्षी काय असतं, कोणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा लागला, कोणाचं वाघोडिया रोडला घर झालं, कोणाचं बायपास नीट पार पडलं, म्हणून प्रभूचे उपकार, सगळे आमेन म्हणतात, मग मागे चहा-नाष्टा. माझं वर्ष असं की नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली, अजून धड काही लागलेलं नाही, आणि ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या, दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी म्हटलं दुसरं कोणी बघा, तर म्हणाले बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय वाच, आध्यात्मिक आशीर्वादांवर बोल. वाचला, तीनदा. निवड, दत्तक, क्षमा, वतन, विसार. शब्द लहानपणापासून कानावर आहेत, संडेस्कूलला हेच पाठ करून कंपासपेटी जिंकलीय मी. पण खरं सांगू का, आत काहीच हलत नाही. आणि तोंडपाठ बोललं की लोकांना बरोब्बर कळतं. काय बोलू?

रिटायर्ड_गार्ड:
सून बाई, आधी एक बघा. हे पत्र लिहिणारा पौल कैदेत होता. तिसऱ्या अध्यायात स्वतःला बंदिवान म्हणतो, सहाव्यात बेड्यांचा उल्लेख आहे. आणि पहिल्या अध्यायात तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, कुठे पूर्णविराम नाही, माणूस दम न घेता बोलत सुटलाय. त्या सगळ्या यादीत नोकरी नाही, घर नाही, तब्येत नाही, बाहेर सुटेन असंसुद्धा नाही. तुमच्यासारखंच वर्ष होतं त्याचं.

आता दत्तक. वडोदऱ्यात राहून हा शब्द कोरडा वाटतो म्हणजे कमाल झाली हो. 1875 साली मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून काढलं, मग खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशकाकडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर, गोपाळराव, बारा वर्षांचा, 27 मे ला दत्तक घेतला. तोच आपला सयाजीराव. लिहिणं-वाचणं फारसं येत नव्हतं, ते सगळं नंतर शिकवलं. आधी मुलगा झाला, मग शिक्षण, हा क्रम लक्षात ठेवा. आम्ही उलटं समजतो, आधी मी चांगला होईन, मग देव घरात घेईल. शिवाय राज्याचे पूर्ण अधिकार डिसेंबर 1881 मध्ये मिळाले, तोवर कारभार दिवाण टी. माधवराव बघायचे. म्हणजे सहा वर्षं राज्य त्याचंच पण हातात नाही. पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच आहे, वारस लहान असेपर्यंत पालकांच्या अन् कारभाऱ्यांच्या ताब्यात.

एक फरक मात्र सांगा, नाहीतर दाखला चुकेल. कवळाण्याची गोष्ट लोक अशी सांगतात की कशाला आलास विचारल्यावर पोरगा म्हणाला राज्य करायला, म्हणून त्याला निवडलं. इफिसकरांत मुलाखतच नाही. जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं म्हणतो, तेव्हा तुम्ही काय उत्तर देणार होता?

बानाखतवाला:
काकांनी दत्तक घेतलं तर मी विसार घेतो, माझं पोट त्याच्यावरच आहे, जमिनीची दलाली करतो 😀 विसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम, आपल्या इथलं गुजरातीतलं बानुं. चौदावं वचन म्हणतं पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार. ग्रीक शब्द अराबोन, चक्क बाजारातला शब्द, आणि आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दाने साखरपुडा म्हणतात. आता धंद्यातलं सांगतो, विसार देतो कोण, माल विकत घेणारा. म्हणजे इथे देव गिऱ्हाईक आहे आणि बानुं त्याने मोजलंय, सौदा मोडला तर त्याचंच जाणार. आणि विसार हा वेगळा नसतो, पुढे पूर्ण रकमेतच वजा होतो, तेच पैसे. म्हणून मला वाटतं सासूबाई गेल्यावर एखाद्या रात्री जी थोडीफार शांती मिळाली असेल ना (मिळाली असेल तर, मी जबरदस्ती करत नाही), ती खोटं समाधान नव्हे, पुढे जे पूर्ण मिळणारंय त्याच मालाचा पहिला हप्ता. आणि वतन म्हणजे देश नव्हे हां, हिंदी गाण्यांमुळे आमची पोरं तसंच समजतात. वतन म्हणजे वतनदारीवालं, वारसाहक्काने आलेलं.

मांजलपूरची_मावशी:
सगळं छान पण मला एक खटकलं बाई. व्हिसा अन् घरासाठी उपकार मानणाऱ्यांना खालच्या पायरीवर बसवू नका. लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका मानलेला, आणि तो कातडी बरी झाली म्हणूनच आला होता ना, काही आध्यात्मिक आशीर्वाद मोजत नव्हता. येशूने त्याला हाकललं नाही, उलट विचारलं बाकीचे नऊ कुठेत. रोजची भाकर मागायला आपल्याला शिकवलंय. तुझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी मी प्रार्थना करणारच, आणि ती लागली की तू पेढे दे 🙏

दांडियाबाजार_७२:
मी ख्रिस्ती नाही, पण वाचत होतो. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, तेव्हा हातात काय पडलं? नातेवाईक तुटले, बायको लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. तरी म्हणायचे की तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. मग ते उपकार कशाचे मानत असतील, हा प्रश्न मला शाळेपासून आहे. आमच्या आजीचं बरं होतं, ती तुळशीपुढे दिवा लावून नुसती उभी राहायची, काही मागायची नाही, विचारलं की म्हणायची उभं राहू दिलं हेच खूप.

रिटायर्ड_गार्ड:
आजीबाईंचं मला फार आवडलं. दत्तकाचा अर्थ मला तरी त्याच्या आसपासच कुठेतरी दिसतो.

फतेगंजची_सून:
काल रात्री सगळ्यांचं वाचलं आणि मावशी, कबूल करते, मनात थोडी जळफळ होती व्हिसावाल्यांची. ती पण क्षमेच्या खात्यात टाकते.

एक सांगते, इथेच पहिल्यांदा लिहितेय. सासूबाईंना शेवटी विसर पडायला लागला होता. आधी शेजारी गेले, मग नातवंडं, मग मी. रोज सकाळी तोंड धुवायला गरम पाणी घेऊन गेले की विचारायच्या, तू गं कोणाची? सुरुवातीला मी रागवायचे, एवीतेवी सगळं मीच करते आणि मलाच विचारतात. मग कंटाळून म्हणायला लागले, तुमचीच. तर म्हणायच्या बरं, मग बस. हे असं दीडेक वर्ष चाललं, एकही दिवस आठवलं नाही त्यांना, रोज नव्याने तेच. संध्याकाळी प्रार्थनेला मात्र "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पूर्ण म्हणायच्या, एक शब्द न चुकता, आणि तेव्हा हात माझाच धरलेला असायचा. मला ओळखत नव्हत्या तरी.

गार्डकाका, तुम्ही दत्तक लिहिलंत आणि मला ते "तू गं कोणाची" आठवलं, आणि पोळ्या लाटता लाटता रडले. तर तेवढंच सांगणार आहे. पाच मिनिटं मिळतील. निम्मी मंडळी गुजराती आहे म्हणून विसारच्या ठिकाणी बानुं म्हणणार, दलालभाऊ चालेल ना? सयाजीरावांचं पण घेणार आहे, फक्त ह्यांनी बजावलंय की तारीख चुकवू नकोस, पुढच्या बाकावर इतिहासाचे सर बसतात.