मदत हवी आहे: चालू हार्ड डिस्क पडली, आता टिकटिक करतेय. फोटो निघतील का?

नमस्कार मंडळी. लातूरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. सगळं काम २ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर. उदगीर, निलंगा, बीड, कुठलंही लग्न असो, डिस्क खिशात. इतक्या वर्षांत कधी कुरकुर केली नाही, म्हणून दुसरी कॉपीही कधी केली नाही. शिव्या नंतर घाला.

परवा रात्री अल्बमचं काम चालू होतं. पुतण्या पाण्याचा तांब्या घेऊन आला, पायात केबल अडकली आणि चालू डिस्क टेबलावरून थेट फरशीवर. लगेच लावून बघितली तर विंडोज म्हणतंय फॉरमॅट करा. नाही केलं. पुन्हा लावली तर ड्राइव्हच दिसेना. आता निळा दिवा लागतो, आतून टिक... टिक... टिक, सात-आठ वेळा, मग गप्प.

लग्नवाल्यांचं निस्तरेन, एक पार्टी सोडली तर सगळ्यांचे फोटो देऊन झालेत. जीव अडकलाय तो २०१६ च्या फोल्डरात. त्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिली, दहा वाघिणींची. मी रात्रभर स्टेशनवर होतो. त्याच्या आधी आमच्या गल्लीतली रांग काढलेली: माणसं घरात, घागरी रांगेत. आईच्या घागरीवर लाल ऑइलपेंटनं आडनाव, तेही अर्धं घासून गेलेलं. हे सगळं जुन्या कॉम्प्युटरवरून डिस्कवर आणलं आणि तो कॉम्प्युटर भंगारात दिला. काय म्हणावं मला.

गंजगोलाईकडचा एक दुरुस्तीवाला म्हणतो, उघडून बघतो, दीड हजार द्या. मेव्हणा म्हणतो, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर मी उतरवून ठेवलंय. यातलं काय करू?

प्रतिसाद:
दादा, यातलं काहीच नका करू. आणि आता एकदाही लावू नका. नुसती टिकटिक असती तर केबल नाहीतर पोर्ट बदलून बघा म्हटलं असतं, कमी करंट मिळाला तरी डिस्क अशीच वागते. पण तुमची फिरताना पडलीय, म्हणजे हेड, फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणारा आतला भाग, गेलं असणार. प्रत्येक वेळी लावताना ते तबकडीवर ओरखडे काढू शकतं, आणि जिथं ओरखडा तिथला फोटो कायमचा गेला. डिस्कच दिसत नाही तर सॉफ्टवेअर वाचणार कशातून? फ्रीजरमधून काढली की आत दव धरतं. आणि साध्या दुकानात उघडली की धूळ बसते. तिथं हेड आणि तबकडीत केसाएवढीही फट नसते.

क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खास खोली, असलेल्या ठिकाणीच द्या. ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून आधी पूर्ण कॉपी काढतात. वरची केस आणि तिच्यातलं सर्किट फेकू नका, काही डिस्कमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाचं कुलूप, त्यातच असतं. खर्च दीड हजारात भागणार नाही, अंदाज आधी लेखी घ्या.

धागाकर्ता:
आभारी आहे. दुरुस्तीवाल्याकडून न उघडता परत आणली. स्पंजात गुंडाळून डब्यात ठेवलीय, सोमवारी पुण्याला जातोय. दरम्यान जुन्या ईमेलमध्ये रेल्वेचे चार फोटो सापडले, तेव्हा एका पत्रकार मित्राला पाठवलेले. घागरीचा नाही.