मदत हवी आहे: गुलबक्षीच्या एकाच झाडाला दोन रंगांची फुलं, बी धरू की गड्डा काढू?

परसदार
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात, कसबा बावड्यात राहतो. मागच्या दारी नळापाशी एक गुलबक्षी आपली आपण उगवलीय. झाड कमरेएवढं झालंय. एका फांदीला सगळी राणी रंगाची फुलं, दुसरीला निव्वळ पिवळी, आणि मधल्या फांद्यांवर पिवळ्यावर राणी शिंतोडे. काही फुलं तर अर्धी पिवळी, अर्धी राणी, मधे पट्टी धरून रेघ मारावी तशी! बुंधा एकच आहे. माती उकरून बघितली, दोन झाडं एकात वाढलेली नाहीत.

अडचण अशी की दिवाळीनंतर परसात कोबा घालायचा ठरलाय. गवंड्याला सांगूनही झालंय, त्यामुळं झाड तिथं राहणार नाही. बी धरलं तर पुढच्या वर्षी असंच दुरंगी झाड येईल का? आणि धरायचं तर कुठल्या फांदीचं? की सरळ गड्डा काढून कुंडीत लावू?

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात रोग पडलाय, उपटून टाक. शेजारच्या काकूंच्या मते मातीत गंजकं लोखंड असणार, त्यानं रंग बदलतो. अकरावीतली लेक म्हणते क्रॉस झालाय. मला यातलं एकही पटत नाही, पण खोडता येत नाही.

कुंडी_कट्टा
पानं कशी आहेत? गोळा झालेली, डागाळलेली? मावा आहे का? सासूबाईंचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात ज्या पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांसाठी लोक वेडे झाले होते, ते पट्टे विषाणूमुळंच पडायचे, आणि तो विषाणू मावाच पसरवायचा.

परसदार
पानं हिरवीगार आहेत. मावा नाही, पांढरे-पिवळे डागही नाहीत. वाढ तर विचारूच नका, नळाचं पाणी मिळतंय.

मास्तर_जीवशास्त्र
मग रोगाची शक्यता बाजूला ठेवू. लोखंडाचंही ठेवू. काकूंना हायड्रेंजिया या फुलझाडाचं ठाऊक असेल: तिथं माती आम्ल असली की झाड ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि फूल निळं होतं, नाहीतर गुलाबी राहतं. पण तुमच्या झाडाला मूळ एक, माती एक, पाणी एक. मातीनं बदलला असता तर सगळ्या झाडाचा रंग बदलला असता, फुलाच्या डाव्या अर्ध्याचा नव्हे.

आता लेकीचा क्रॉस. तिचं निम्मं बरोबर आहे, कारण गुलबक्षी हे इनकम्प्लीट डॉमिनन्सचं, म्हणजे दोन्ही रंगांपैकी एकही पुरता वरचढ न ठरण्याचं, ठरलेलं उदाहरण. लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की गुलाबी येतं, आणि त्या गुलाबीच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ अशी पडतात. पण तिथं एका झाडाची सगळी फुलं एकाच रंगाची असतात. ठिगळं त्यातून येत नाहीत.

ठिगळं येतात ती उडी मारणाऱ्या जनुकामुळं, म्हणजे ट्रान्सपोझॉनमुळं. गुलबक्षीत पिवळं रंगद्रव्य आधीच असतं. राणी रंग तयार व्हायला एक जास्तीचं एन्झाइम, म्हणजे पेशीत रासायनिक काम घडवणारं प्रथिन, लागतं. अशा झाडात त्या एन्झाइमच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलेला असतो, म्हणून एन्झाइम बनत नाही आणि फूल पिवळं राहतं. पण हा तुकडा कधीमधी एखाद्या पेशीत तिथून निसटतो. त्या पेशीचं जनुक पुन्हा चालू लागतं, आणि तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशी राणी रंगाच्या. कळी जवळपास पूर्ण झाल्यावर निसटला तर एक शिंतोडा. कळीची नुकती सुरुवात असताना निसटला तर अर्धं फूल. कोंबातच निसटला तर अख्खी फांदी. म्हणजे तुमच्या झाडावर नुसतं बघून कुठं लवकर उडी पडली आणि कुठं उशिरा, ते सांगता येतं. मला तर हेवा वाटतोय.

अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असे तुकडे मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून १९४०च्या दशकात ओळखले. फार कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं १९८३ साली, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

परसदार
सर, लेकीला वाचून दाखवलं, ती वही घेऊन मागच्या दारी गेलीय. पण बियाचं राहिलं!

मास्तर_जीवशास्त्र
हो, तेच राहिलं. पानांवर पांढरे पट्टे असते तर मी छातीठोक सांगितलं असतं. १९०९ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी पट्टेरी पानांच्या गुलबक्षीवरच दाखवलं की रोप मादी फांदीवर जातं: हिरव्या फांदीच्या बियांची हिरवी, पांढऱ्या फांदीच्या बियांची पांढरी, पराग कुणाचाही असो. कारण हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, बीजांडातून येतात. फुलाच्या रंगाचं जनुक मात्र केंद्रकात असतं, तिथं हा नियम चालत नाही.

तरी राणी फांदीच्या बियांतून राणी झाडं येण्याचा संभव जास्त. हमी नाही, कारण डोळ्यांना दिसतो तो रंग वरच्या थरातला आणि बी तयार होतं आतल्या थरातून. ठिपकेवाल्या फांदीच्या बियांतून ठिपकेवाली, पिवळी, राणी अशी सरमिसळ निघेल. म्हणून त्याच फांदीचं जास्त धरा. नक्षी मात्र प्रत्येक झाडाची निराळी.

ऊसवाला_हातकणंगले
मी शाळेनंतर जीवशास्त्र सोडलं, पण गड्डा कसा काढायचा ते सांगतो. पाऊस उघडला की पाणी तोडा. पानं पिवळी पडली की चार बोटं खोड ठेवून छाटा, आणि कुदळ बुंध्यापासून वीतभर लांब मारा, कारण मूळ गाजरासारखं खोल जातं. मातीसकट उचला. खोल कुंडी किंवा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, बुडाला भोकं पाडा, निम्मी वाळू घाला. पाणी बेतानं. आपल्याकडं थंडी झेपते त्याला, कुजतं ते पाण्यानं. उन्हाळ्यात फुटेल. झाड तेच राहणार म्हणजे दुरंगीपणा पण तोच, बरोबर ना सर?

मास्तर_जीवशास्त्र
अगदी बरोबर. फक्त शिंतोडे नव्या जागी पडतील.

गोकर्णवेल
राणी रंग म्हणजे अँथोसायनिनच ना, गोकर्णात असतं ते रंगद्रव्य? गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं, तसं यात होईल का?

मास्तर_जीवशास्त्र
नाही, आणि म्हणूनच करून बघा. हे बीटालेन, बिटातलं. बोगनवेल, कोंबडा, निवडुंग, लाल माठ, सगळी याच घराण्यातली रंगद्रव्यं. लिंबानं फारसा फरक पडणार नाही. चुन्याची निवळी घातली तर मात्र पिवळसर पडेल.

परसदार
आणखी दोन गोष्टी. एरवी पाचच्या सुमाराला उमलतात, पण पावसाच्या झडीत सकाळी उशिरापर्यंत मिटत नाहीत, ते का? आणि दिराचा धाकटा काळ्या बिया गोळा करत फिरतो, त्याचं काही?

कुंडी_कट्टा
दुसरं आधी. बी आणि मूळ दोन्ही विषारी. उलट्या, जुलाब होतात. बिया मिऱ्यासारख्या दिसतात, स्वयंपाकघरात उघड्या ठेवू नका. पोरानं गिळलीच तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

मास्तर_जीवशास्त्र
उमलण्याची वेळ झाडाच्या आतल्या घड्याळावर ठरते. १७२९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ द मेरान यांनी लाजाळूचं झाड अंधारात ठेवून पाहिलं, तरी पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. मिटायला मात्र ऊन आणि उष्णता लागते, ती झडीत नसते. तिन्हीसांजेला लांब सोंडेचे पतंग येतात का बघा. नाही आले तरी बी धरतंच: फूल मिटताना पुंकेसर आणि कुक्षी वेटोळं घेऊन एकमेकांना टेकतात. हे सांगायचं कारण, बहुतेक बिया आपल्याच परागाच्या असतात. लेकीला क्रॉस करायचाच असेल तर कळी उमलायच्या आधी पुंकेसर काढायला सांगा.

परसदार
ठरलं तर. गड्डा डब्यात, आणि बिया फांदीवार वेगळ्या पुड्यांत, वरच्या फळीवर. सासूबाई अजून म्हणतात रोगच आहे, पण डबा त्यांनीच धुऊन ठेवलाय.

गोकर्णवेल
ठिपकेवाल्या फांदीच्या थोड्या बिया मला द्याल? मी राजारामपुरीत असते, येऊन घेऊन जाईन.