मदत हवी आहे: जुनं ६५० आरपीएमचं (मिनिटाला ६५० फेरे) लिस्टर टाइप इंजिन ९०० वर चालवलं तर चालेल का?

नमस्कार मंडळी, आमच्या मळ्यात आजोबांच्या काळातलं ६ एचपीचं लिस्टर टाइप (जुन्या इंग्रजी लिस्टर इंजिनाच्या धर्तीचं) डिझेल इंजिन आहे, दोन मोठी आऱ्यांची चाकं असलेलं, विहिरीवर मोटर बसल्यापासून शेडमध्ये पडून होतं. आता मिस्त्रीकडून चालू करून घेतलंय, धूर पण बेताचाच. शेतीच्या लाइटचा काही भरवसा नाही म्हणून गोठ्यातले दिवे आणि कडबाकुट्टीची मोटर चालवायला त्याच्यावर अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) लावायचाय.

अल्टरनेटर चार पोलचा, म्हणजे ५० हर्ट्झला १५०० आरपीएम पाहिजेत. इंजिनावर १० इंची पुली आहे, अल्टरनेटरवर ६ इंची, ६५० ला जेमतेम १०८० मिळतात. मिस्त्री म्हणतो गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) स्प्रिंग ताणून ९०० वर नेतो, म्हणजे १५०० बसतात, काय होत नाही, राजकोटची अशीच दिसणारी इंजिनं १००० वर पळतात. ते खरंय, एकाच्या प्लेटवर १००० मी स्वतः वाचलंय, पण आमच्या प्लेटवर ६५० च आहे. बरं पिस्टनचा हिशोब केला तर स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची धाव) साधारण १४० मिमी, ९०० ला पिस्टनचा सरासरी वेग ४.२ मीटर प्रति सेकंद येतो, आणि ११० मिमी स्ट्रोकची १५०० आरपीएमची इंजिनं तर ५.५ ला वर्षानुवर्षं चालतात. मग घाबरायचं नेमकं कशाला?

प्रतिसाद १: पिस्टनला नाही हो, चाकांना घाबरा. बिडाच्या चाकावरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, ६५० चे ९०० केले की जवळपास दुप्पट. २४ इंची चाक असेल तर कडेचा वेग २१ वरून २९ मीटर प्रति सेकंदाला जातो, आणि बिडाच्या चाकाला ३० च्या आसपास हद्द मानायची जुनी रीत आहे, ती पण धड चाकाला. तुमचं इतकी वर्षं पडून होतं, आऱ्याच्या मुळाशी, चाक दांड्यावर पक्कं करणाऱ्या चावीच्या खाचेत बारीक चीर आहे का कुणी बघितलंय? १००० वाल्याचं ओतकाम, बॅलन्सिंग वेगळं असू शकतं, नुसतं दिसण्यावर जाऊ नका. तुमची प्लेट ६५० सांगते ना, तेवढंच.

प्रतिसाद २: स्प्रिंगला हातच लावू नका. इंजिनावर १४ इंची पुली टाका, ६५० गुणिले १४ भागिले ६ म्हणजे १५१६, पट्टा थोडा घसरतोच, बरोबर १५०० ला येईल. पण ३ किलोवॅटच्या पुढं अपेक्षा ठेवू नका, इंजिनच तेवढ्याचं आहे. आणि चालू करताना हवेच्या तोंडावर दाबायला एक फळी जवळ ठेवा, गव्हर्नर अडकून इंजिन सुटलं, म्हणजे वेग आवरेना झाला, तर तीच कामाला येते, फक्त चाकाच्या रेषेत उभं राहू नका.

धागाकर्ता: धन्यवाद दादा, १४ इंची बघतो. कुट्टीची मोटर २ एचपी सिंगल फेज आहे, चालू होताना जास्त करंट ओढते, तेवढा झटका हे इंजिन घेईल का? कुणी लावलं असेल तर सांगा.