विनोदी सुपरहिरो मालिकेची गंमत नेमकी कशात असते?

पेठेतला_चित्रकार:
कोल्हापुरात सुट्टीच्या चित्रकला वर्गात सातवी-आठवीची सहा मुलं 30 सेकंदांची ॲनिमेशन फिल्म करताहेत. नायक पैलवान, पाठीवर घोंगड्याचा केप. व्हिलन रंकाळा तलावाचा तांबडा रस्सा करायला निघालाय. नमुना म्हणून 'बॅटमॅन: द ब्रेव्ह अँड द बोल्ड' ही ॲनिमेशन मालिका समोर आहे. कच्च्या फिल्ममध्ये नायक दर वाक्याला विनोद करतो, तरी कुणी हसत नाही. त्या मालिकेतलं काय घ्यायचं?

शड्डू:
नायकाला विनोद करायला लावलात, तिथंच बिघडलं. त्या मालिकेत भोवतालचं जग खुळं आहे, बॅटमॅन नाही. 2009 च्या एका भागात म्युझिक मायस्टर नावाचा व्हिलन गाऊ लागला की नायक-व्हिलन सगळेच त्याच्या तालावर नाचू-गाऊ लागतात. बघणाऱ्याला ती धमाल, बॅटमॅनला मात्र ते खरंखुरं संकट. तो गंभीर राहतो म्हणून हसू येतं.

तुमच्या पैलवानानं रश्श्याच्या तलावाकडं शांतपणे बघावं आणि विचारावं, "मीठ किती घातलंस?" बस्स. तो स्वतः हसला की मजा गेली.

आणि त्यातला दुसरा सुपरहिरो, ॲक्वामॅन, जरूर बघा. माशांशी बोलणारा म्हणून त्याची वर्षानुवर्षं चेष्टा व्हायची. इथं तो दणदणीत आवाजाचा, दिलदार गडी आहे, स्वतःच्या पराक्रमांना स्वतःच नावं देतो. मालिका त्याची टर उडवत नाही, त्याच्यावर जीव लावते. मला तर हीच तिची खरी ताकद वाटते.

खासबाग_पहिली_रांग:
बांधणीही बघा. 2008 ते 2011 मध्ये 65 भाग आले, प्रत्येक साधारण 22 मिनिटांचा. शीर्षकाआधी दोन-तीन मिनिटांची छोटी कथा, बहुतेक वेळा मुख्य कथेशी संबंध नसलेली. खासबाग मैदानात मोठ्या कुस्तीआधी लहान कुस्त्या लागतात ना, तसंच. आणि ही छोटी कथा बऱ्याचदा मारामारीच्या मधूनच सुरू होते.

मुलं बहुधा पैलवानाला शक्ती कुठून मिळाली हे सांगण्यात पहिली दहा सेकंदं घालवतात. ते काढा. 0 ते 4 झटापट, 18 पर्यंत पेच, 26 पर्यंत डाव उलटा, उरलेल्या चारात फक्त चेहरे.

पेन्सिल_दोन_बी:
चित्रांचं बोलतो. जाड काळी बाह्यरेषा, सपाट रंग, चौकोनी जबडा: चित्रकार डिक स्प्रँगच्या जुन्या बॅटमॅन कॉमिक्सची छाप आहे ती. मुलांना सोयीची, कारण छटा नसल्या की तेच पात्र पुन्हा पुन्हा काढता येतं.

सेकंदाला 12 चित्रं धरली तर 360 होतात. 8 धरा, 240 होतील, म्हणजे प्रत्येकी 40. वाटणी शॉटप्रमाणं करा. एकाच शॉटमध्ये दोन हात लागले की पैलवानाचं नाक मध्येच बदलतं. आधी पैलवान समोरून, बाजूनं आणि तिरपा कसा दिसतो हे एका कागदावर काढून, म्हणजे मॉडेल शीट करून, भिंतीवर लावा.

संवाद आधी रेकॉर्ड करा, मग तोंडं काढा. उलट केलं की ओठ मागे राहतात.

विनोदानंतर अर्धा सेकंद पोज धरा, म्हणजे तेच चित्र चार वेळा. लगेच पुढची हालचाल आली तर हसायला जागाच उरत नाही. तुमची फिल्म इथंही अडली असणार.

पेठेतला_चित्रकार:
चूक कळली, मिठाचा संवाद घेतोच. त्या मालिकेसारखा जोडीला दुसरा नायक हवा का?

शड्डू:
हवाच, तिथं जवळपास प्रत्येक भागात पाहुणा नायक असतो. स्वभाव अगदी उलटा ठेवा. एखादा बडबड्या रिक्षावाला घ्या, मीटरवर नजर ठेवून लढणारा. आणि पैलवानाचे शब्द मोजा, पूर्ण फिल्ममध्ये बारापेक्षा जास्त नकोत.