मदत हवी आहे : बटाट्याच्या वाटीतला परासरणाचा प्रयोग दोनदा फसला, शनिवारी मुलांसमोर दाखवायचा आहे

लालबागकर (गुरुवार, सकाळी ७.१०)

नमस्कार. आमच्या इमारतीतील मंडळाच्या खोलीत दर शनिवारी मी आठवी-नववीच्या बारा मुलांना विज्ञान शिकवते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, त्यामुळे प्रत्येक प्रयोग आधी घरी करून पाहते आणि मगच मुलांपुढे जाते. या वेळी परासरणासाठी, म्हणजे पाणी पेशीच्या पडद्यातून दाट द्रावणाकडे जाते ते दाखवायला, मी तो जुनाच प्रयोग निवडला : बटाट्याची वाटी कोरायची, तिच्यात साखर घालायची आणि ती पाण्याच्या बशीत ठेवायची. वाटीत पाणी चढलेले दिसले पाहिजे. मी सोमवारी आणि काल असे दोनदा करून पाहिले. साखर विरघळून तळाशी थोडा चिकट ओलावा तेवढा दिसला, चढणे-बिढणे काही नाही. उलट आज सकाळी बशीतले पाणी बोटाने चाखले तर तेच गोड लागले.

त्यात भर म्हणजे गेल्या शनिवारी एका मुलीने विचारले की पाणी आत शिरते तर साखर बाहेर का येत नाही, आणि ‘पुढच्या वेळी सांगते’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. आता बशीतले गोड पाणी पाहून तिच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ? व्याख्या मला पाठ आहे, ती कृपया कोणी देऊ नये. काय चुकते आहे तेवढे सांगावे.

निवृत्त गुरुजी

ताई, आपण कृती सांगितलीत, पण तपशील सांगितला नाहीत. साल काढली होती का? साखर कोरडी घातली की पाक करून? वाटी किती वेळ ठेवली? बटाट्याच्या सालीत सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य असते आणि ते पाणी अडवून धरते. गोणीतला बटाटा आठवडेच्या आठवडे सुकत नाही तो त्यामुळेच. पाण्यात बुडणाऱ्या भागाची साल राहिली तर प्रयोग हमखास फसतो. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुले हीच चूक करीत.

मुलुंडचा प्रवासी

एवढा खटाटोप कशासाठी? मूठभर बेदाणे पाण्यात टाकावेत, सकाळी ते टम्म फुगलेले दिसतात. मग तेच साखरेच्या दाट पाकात टाकावेत म्हणजे पुन्हा आक्रसतात. कोरणे नाही, सुरी नाही. माझ्या मुलाच्या शाळेत असेच दाखवले होते.

लालबागकर

गुरुजी, साल पूर्ण काढली होती. पिठीसाखर दोन चमचे, कोरडी. रात्री साडेनऊ ते सकाळी सहा. पाणी नळाचे. यात न समजण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही, सगळे पुस्तकाप्रमाणेच केले आहे. बेदाणे नकोत, मुलांना मी बटाटा सांगून ठेवला आहे आणि तीन जण घरून बटाटे आणणार आहेत.

विभवांतर

मी दादरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. प्रयोगाआधी भाषा सुधारायला हवी. ‘साखर पाण्याला ओढून घेते’ किंवा ‘पाणी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जाते’ अशी वाक्ये मुलांच्या डोक्यात एकदा बसली की ती पुढे काढताना आमची दमछाक होते. शुद्ध पाण्याचे जलविभव (पाण्याची एका जागेतून दुसरीकडे जाण्याची प्रवृत्ती) शून्य मानतात, द्राव्य मिसळले की ते ऋण होते, आणि पाणी जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जाते, एवढे पहिल्याच दिवशी सांगावे. वनस्पतीची पेशी साध्या पाण्यात ठेवली तर आतल्या रसात द्राव्य असूनही एका क्षणी पाणी शिरणे थांबते, कारण फुगलेली पेशी पेशीभित्तिकेवर, म्हणजे भोवतीच्या कडक भिंतीवर, रेटा देते आणि भित्तिका तितक्याच जोराने उलट रेटते. हा दाब हिशेबात घेतल्याशिवाय नुसत्या ‘प्रमाणा’ने हे थांबणे समजावता येत नाही.

निवृत्त गुरुजी

आपले म्हणणे अकरावीसाठी योग्य आहे, परंतु आठवीच्या मुलापुढे पहिल्याच दिवशी ऋण जलविभव मांडले तर ते मूल जीवशास्त्रालाच रामराम ठोकेल. मी नेहमी कोशिंबिरीपासून सुरुवात करीत असे. काकडी चोचवून मीठ घालून ठेवली की पानात वाढेपर्यंत वाडग्याच्या तळाशी पाणी साचते, हे प्रत्येक मुलाने घरी पाहिलेले असते. ते पाणी काकडीच्या पेशींतून आले आणि हेच बहिःपरासरण, एवढे त्याला आधी कळू द्या. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणारे पाणीही तेच. समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी (पेशीरसाइतके दाट, त्याहून पातळ आणि त्याहून दाट द्रावण) हे शब्द त्यानंतर सांगितले की मुले विसरत नाहीत.

आणि बेदाण्यांविषयी एक शंका. कोरडे हरभरेही पाण्यात फुगतात, पण तिथे मुख्यतः पिष्ट आणि प्रथिने पाणी शोषून घेतात. सुकवलेल्या फळात शोषण किती आणि परासरण किती, हे मुलाने विचारले तर काय सांगणार?

मुलुंडचा प्रवासी

गुरुजी, पाकात टाकल्यावर तेच बेदाणे आक्रसतात, त्याचे काय? हरभरे आक्रसतात का? पुस्तकात बेदाण्यांचा प्रयोग आहे आणि पुस्तक लिहिणाऱ्यांना तेवढे कळत असावे.

सूक्ष्मदर्शक

वाद चालू द्या, पण ताईंच्या पहिल्या संदेशातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणी विचारात घेतलेली दिसत नाही : बशीतले पाणी गोड लागले. याचा अर्थ साखर बटाट्याच्या भिंतीतून आरपार बाहेर आली. तळाला बारीक भोक नव्हते याची खात्री आहे का? आणि बटाटा कच्चाच होता ना?

लालबागकर

भोक अजिबात नव्हते, उजेडासमोर धरून पाहिले. बटाटा कुकरमध्ये एका शिटीपुरता वाफवून घेतला होता, कारण कच्चा कोरताना तळ फुटत होता आणि सोमवारी माझ्या अंगठ्याला सुरी लागली. त्याचा इथे काय संबंध?

सूक्ष्मदर्शक

ताई, सगळा संबंध तिथेच आहे. परासरणासाठी निवडक्षम पारपटल लागते, म्हणजे पाण्याला वाट देणारा आणि साखरेला अडवणारा पडदा. बटाट्यात हा पडदा म्हणजे जिवंत पेशींचे पटल. ते मेदाचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने यांचे बनलेले असते. कुकरमधील उष्णतेने प्रथिनांची घडण मोडते, पटल फाटते आणि पेशी मरतात. त्यानंतर उरते ती पेशीभित्तिका, आणि ती चाळणीसारखी आहे. पाणीही जाते, साखरही जाते. म्हणून आपल्या वाटीत पातळी चढली नाही आणि बशी मात्र गोड झाली. तळाचा ओलावाही चढलेल्या पाण्याचा नव्हे : कोरडी साखर कोणत्याही ओल्या पृष्ठभागावर ठेवली तरी विरघळते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि पटलातील मेदाच्या थरातून तो सहज पार होत नाही. पाण्यासाठी मात्र पटलात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या खास वाटा असतात, ज्यांतून पाण्याचे रेणू एकामागून एक रांगेने जातात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता कृती. कच्चा मोठा बटाटा घ्या, बूड आडवे कापून सपाट करा आणि सुरीऐवजी चमच्याच्या कडेने थोडे थोडे कोरा. तळाला बोटभर जाडी राहू द्या. कोरड्या साखरेऐवजी दाट पाक पूर्ण गार करून अर्ध्या वाटीपर्यंत घाला आणि पातळीच्या रेषेत आतून टाचणी खोचा. वाफवलेली वाटी टाकून देऊ नका, तशीच एक पुन्हा करून कच्चीच्या शेजारी ठेवा. तिसऱ्या कच्च्या वाटीत नुसते पाणी घाला.

शीव रात्रपाळी

रुग्णालयातील अनुभवावरून लिहितो. शिरेतून सलाइन देताना ते ०.९ टक्के मिठाचे असते, कारण त्यात लाल रक्तपेशी फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत. त्याऐवजी थेट शुद्ध पाणी रक्तात गेले तर लाल पेशी फुगून फुटतात, कारण त्यांना पेशीभित्तिका नसते. घरी जुलाबाच्या वेळी साखर-मिठाचे पाणी करताना प्रमाण मनाने ठरवू नये, हेही या निमित्ताने सांगतो.

लालबागकर

धन्यवाद, पण जुलाब कोणालाही झालेले नाहीत.

विभवांतर

भित्तिका नसल्याने पेशी फुटते, म्हणजे दाबाचा मुद्दा पुन्हा आलाच. मी वेगळे काय सांगत होतो?

तिवराचे पान

मुंबईच्या मुलांना याच विषयातले एक कोडे जरूर घाला. ठाण्याच्या खाडीकाठी खाऱ्या चिखलात तिवर उभा असतो. काकडीचे पाणी मिठाने सुटते, मग तिवर का सुकत नाही? त्याची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात आणि आत शिरलेले काही मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण डोळ्यांना दिसतात, जिभेलाही लागतात. पेशीरसच पुरेसा दाट राखल्यामुळे खाऱ्या पाण्यातूनही पाणी ओढता येते.

विभवांतर

‘ओढता येते’ असे म्हणू नका.

मुलुंडचा प्रवासी

बेदाणे नको असतील तर अंडे घ्या. व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवले की कवचातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि नुसत्या पडद्यातले अंडे हाती येते. ते पाण्यात फुगते, पाकात सुरकुतते. याहून सुंदर प्रयोग नाही.

लालबागकर

आज गुरुवारची रात्र आहे, दोन दिवस कुठून आणू? शिवाय त्या खोलीत गणपतीचा देव्हारा आहे, तिथे अंडे नेले तर पुढच्या शनिवारी खोलीच मिळणार नाही.

लालबागकर (शनिवार, रात्री ९.२५)

तिन्ही वाट्या सकाळी अकराला लावल्या आणि वर्ग दुपारी तीनला घेतला. कच्च्या वाटीतला पाक टाचणीच्या वर चांगला बोटाच्या नखाएवढा चढला होता. वाफवलेल्या वाटीत पातळी टाचणीच्याही खाली गेली होती. नुसत्या पाण्याच्या वाटीत डोळ्यांना फरक दिसला नाही. मी फसलेल्या प्रयोगाची गोष्ट लपवली नाही. अंगठ्यावरची पट्टीही दाखवली. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच दोन्ही बशांतले पाणी चाखले आणि कोणती बशी वाफवलेल्या वाटीची ते न बघता ओळखले.

आता नवीन अडचण. वाट्या आवरताना एका मुलाने दाखवले की पाकाच्या वाटीची भिंत आतून लिबलिबीत झाली आहे आणि बाहेरून मात्र कडक आहे. पाणी तर आत शिरत होते, मग आतली बाजू मऊ कशी?

सूक्ष्मदर्शक

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. पाणी भिंतीतून एका उडीत जात नाही. पाकाला लागून असलेल्या पेशी आपले पाणी पाकाला देतात, शेजारच्या पेशी त्यांना देतात, आणि अशी साखळी बशीपर्यंत पोचते. पाकाकडच्या पेशींना मिळते त्याहून जास्त पाणी त्यांच्यातून जाते. आतला जीवद्रव्याचा गोळा आक्रसून भित्तिकेपासून सुटतो, तोच रससंकोच. बशीकडच्या पेशी पाणी पिऊन ताठ राहतात. आतल्या बाजूची पातळ चकती कापून साध्या पाण्यात तासभर ठेवायला सांगा. पेशी अजून जिवंत असतील तर ती पुन्हा ताठ होईल.