प्रतिसाद: भूकंपाशिवाय पण त्सुनामी येते ना भाऊ

वर कोणीतरी लिहिलंय की भूकंप झाला तरच त्सुनामी येते, तर तसं नाहीये. २०१८ च्या डिसेंबरात इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा एक अख्खा भागच समुद्रात घसरला अन् रात्री लाटा किनाऱ्यावर, ४०० च्या वर माणसं गेली. तिथली इशारा यंत्रणा भूकंपावर बेतलेली, मग भोंगा वाजणार कसा? १८८३ मध्ये त्याच जागी क्राकाताऊ फुटला तेव्हा ३६ हजारांवर लोक गेले, त्यातले बहुतेक लाव्ह्याने नाही, पाण्याने.

आपण नागपूरकर समुद्रापासून लांब म्हणून निवांत, पण सीताबर्डीची टेकडी कशाची आहे माहितीये का, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचीच! आता थंड आहे म्हणा, उन्हाळा सोडून 😄