ट्रिब्यूट बँड : पिंक फ्लॉइडची नक्कल की पिंक फ्लॉइडचे संगीत?

मध्यलय :
‘ट्रिब्यूट बँडला जाणारा माणूस रसिक नव्हे, तो नकलेचे गिऱ्हाईक आहे, पिंक फ्लॉइड ऐकायचा तर घरी मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे,’ हे विधान परवा येथे वाचले आणि ते इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे. ट्रिब्यूट बँड म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी त्याच्याच शैलीत वाजवणारा वादकसंच. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमधल्या गिटारवादक डेव्हिड गिल्मोर, बेसवादक रॉजर वॉटर्स, की-बोर्डवादक रिचर्ड राइट आणि ड्रमवादक निक मेसन या चौघांनी एकत्र शेवटचे वाजवले ते २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, आणि तेही मोजक्या गाण्यांपुरते. २००८ मध्ये रिचर्ड राइट गेले. ज्यांना हे संगीत त्यानंतर भेटले, त्यांनी ते सभागृहात कधीच ऐकू नये काय? गिल्मोर यांचा एकेक लांबवलेला स्वर मोठ्या जागेत भरून राहावा अशाच बेताने रचलेला आहे, आणि ‘कम्फर्टेबली नम’ या गाण्यातल्या दुसऱ्या गिटार-सोलोत तार खेचून स्वर कसा चढवला जातो हे समोर पाहिल्यावर, वर्षानुवर्षे पाठ असलेली तीच जागा मला पहिल्यांदा कळली. ते वाजवणारा गिल्मोर नव्हता, हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. स्वतः गिल्मोर यांनी १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीच्या समारंभात ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड’ या ट्रिब्यूट बँडला वाजवू दिले, एवढे तरी नकलेचा शिक्का मारणाऱ्यांनी विचारात घ्यावे.

जुनी तबकडी :
ते विधान माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. वाढदिवसाच्या समारंभात कोणाला वाजवू दिले, हा सौजन्याचा भाग झाला. त्याने कलेचा प्रश्न सुटत नाही. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण बँड ते संगीत १९७२ च्या जानेवारीपासून रंगमंचावर घडवत होता. ब्रायटनमधला पहिला प्रयोग तर तांत्रिक बिघाडामुळे मध्येच थांबवावा लागला होता. आज ‘ऑन द रन’ म्हणून जो सिंथेसायझरचा तुकडा आपण ओळखतो, त्या जागी तेव्हा गिटार आणि की-बोर्डची मुक्त जुगलबंदी होती. हा बँड स्वतःचे संगीत मोडून पुन्हा बांधत असे. ट्रिब्यूट बँड मात्र तबकडीवर गोठलेले रूप बरहुकूम उभे करतो, आणि सोलोतला एक स्वर बदलला तरी श्रोते नाराज होतात. ज्या बँडचा प्राणच शोधात होता, त्याला ही कसली आदरांजली?

पडद्यामागे :
पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ या अल्बमचे मूळ प्रयोग १९८०-८१ मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचे युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड एवढ्याच ठिकाणी झाले. त्यांतले पहिले गाणे पिंक फ्लॉइड वाजवतच नसे. बँडच्या चौघांचे मुखवटे घालून दुसरेच वादक वाजवत, आणि प्रेक्षक त्यांनाच खरे समजून टाळ्या देत. बँडने स्वतःच आपले बदली वादक उभे केले असताना आपण इतके सोवळे का पाळावे?

जुनी तबकडी :
आपण उदाहरण दिलेत, पण त्याचा अर्थ सोडून दिलात. तो मुखवटा म्हणजे आरोप होता : मंचावर कोण आहे याची या गर्दीला पर्वाच उरलेली नाही, हे त्यांना दाखवायचे होते. त्याच आरोपाचा आपण बचाव म्हणून वापर करत आहात.

खर्जातला :
मी स्वतः काही वर्षे अशा एका बँडमध्ये बेस वाजवला आहे, म्हणून ‘बरहुकूम’ या शब्दाचा राग येतो. एका आयोजकाने मानधन बुडवले, तरीही आम्ही सराव सोडला नाही, कारण राइट यांच्या ऑर्गनचा थर नेमका कुठे विरतो आणि त्याखाली बेसने किती थांबायचे, हे कळेपर्यंत झोप येत नसे. नक्कल करणाऱ्याला एवढी आच नसते. घरी बसून निर्णय देणाऱ्यांनी एकदा तरी हे वाजवून पाहावे.

तिसरी बाजू :
पैशाचा विषय निघालाच आहे, तर माझे खरे दुखणे सांगते. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधले ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ १९७२ मध्ये ऑर्गन आणि बायबलमधल्या वाचनाच्या ध्वनिफितीवर सादर होत असे. जानेवारी १९७३ मध्ये गायिका क्लेअर टॉरी स्टुडिओत आल्या, शब्दांवाचून गायल्या आणि रविवारच्या दुप्पट दराने ३० पौंड घेऊन गेल्या. त्यांनी २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून राइट यांच्याबरोबर त्यांचे नाव रचनाकार म्हणून लागते. मी पाहिलेल्या मैफलीत तो भाग संपल्यावर सगळे सभागृह उभे राहिले, आणि मंचावरून त्या बाईंचे नाव एकदाही घेतले गेले नाही.

जुनी तबकडी :
आणि तो भाग तिघींनी वाटून गायला असेल. एकीने एका श्वासाच्या आवेगात जे केले, त्याचे तीन तुकडे करून विकायचे.

तिसरी बाजू :
तिघींमध्ये वाटणी तर खुद्द पिंक फ्लॉइडने १९८८ च्या दौऱ्यात केली होती. ट्रिब्यूट बँडवर राग काढताना मूळ बँडला सूट देऊ नका. शिवाय मी पाहिलेल्या मैफलीतल्या तिघींपैकी एकीचा स्वर वरच्या पट्टीत किंचित चिरकला आणि तिने तो तसाच पुढे नेला. मला त्या संध्याकाळी सर्वांत खरे वाटले ते तेवढेच. ती काही पुसून गुळगुळीत केलेली प्रत नव्हती.

खर्जातला :
टॉरी यांचे निदान नाव तरी लागले. मैफलीत गाणी वाजवण्याच्या परवाना शुल्काचा पैसा रचनाकारांकडे जातो. मूळ ध्वनिमुद्रणात केवळ वाजवलेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. त्याच अल्बममधल्या ‘मनी’ या गाण्यातला डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन काढून टाका आणि ते गाणे ऐकून पाहा. रचनाकार म्हणून त्यावर नाव एकट्या वॉटर्स यांचे आहे. आम्ही तो सोलो स्वरन् स्वर वाजवत होतो, पण पॅरी यांना त्याचा छदामही जात नव्हता, आणि हे मला तेव्हाही बोचत असे.

मध्यलय :
धागा मानधनाकडे वळला आहे, पण मला तो भरकटला असे वाटत नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना टॉरी आणि पॅरी हे आवाज म्हणून मिसळून जातात; मंचावर त्यांच्या जागी कोणीतरी माणूस उभे असते, म्हणूनच ‘मुळात हे कोणी केले’ हा प्रश्न मनात येतो.

जुनी तबकडी :
एवढे मान्य करतो, आणि तेही नाइलाजाने, की घरी तबकडी ऐकताना टॉरी यांच्या मानधनाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. बाकीचा आक्षेप कायम आहे. एखाद्या ट्रिब्यूट बँडने १९७२ चे अपुरे, अडखळते रूप वाजवण्याची हिंमत केली, तर मी तिकीट काढीन.

तिसरी बाजू :
त्या रूपात टॉरी नाहीत. मला ते चालणार नाही. बँडने हवे ते रूप वाजवावे, पण ज्या रात्री टॉरी यांचे सूर गायले जातील त्या रात्री वादकांची ओळख करून देताना त्यांचेही नाव घ्यावे. त्याला ना जादा सराव लागतो, ना परवाना.